बोंडूचे फडके

सुमंगला : आज न्हेव नको तिका. माझां ऐक. आज नको.

हर्षा : आई, कालपासून तुम्ही हेच म्हणताय. डॉक्टरांनी आजची वेळ दिलीय. गौरेशनी मोपा विमानतळावरची ड्युटी बदलून घेतलीय. सिद्धी शाळेत जाताना बोंडूला सोडायलाच तयार नव्हती, डोळे पुसत रिक्षात बसली. आता ऐनवेळी नको कसं म्हणू?

सुमंगला : येवडीशी ती. ओंजळीत मावता. तेवड्याशा जनावराचां पोट फाडतले?

हर्षा : जनावर नका म्हणू. सिद्धीनं ऐकलं तर रात्री जेवणार नाही.

सुमंगला : मग काय म्हणू? गिनीपिग? पिग म्हणजे डुक्कर, ता माका पण म्हायत आसा. डुकरापेक्षा जनावर बरां.

हर्षा : आई, हसवू नका. सकाळपासून मला चहासुद्धा गेला नाही.

सुमंगला : तर मग न्हेव नको. चाय जायत.

हर्षा : तुम्हाला परत सांगते, नीट ऐका. बोंडूला लघवीचा संसर्ग होता. मुतताना किंचाळायची, पाठीत वाकडी व्हायची, पिंजऱ्यातल्या फडक्यावर तांबडे डाग पडायचे. पहिल्या औषधानं ते किंचाळणं थांबलं. डॉक्टरांनी तिची लघवी तपासली, ती पण स्वच्छ निघाली.

सुमंगला : मग झालां तर.

हर्षा : काय झालं? फडक्यांवर रक्त येतंच आहे. म्हणून ते दुसरं, कडू औषध दिलं. त्यानंही थांबत नाही. उलट तिनं खाणं सोडलं. लघवी स्वच्छ आणि कपड्यावर रक्त, म्हणजे ते गर्भाच्या पिशवीतून येत असणार. वय झालेल्या माद्यांना होतं म्हणे. सोनोग्राफीत एवढ्या लहान जिवाचं नीट कळत नाही. उघडून बघायचं आणि पिशवी काढून टाकायची.

सुमंगला : पिशवी.

हर्षा : हो.

सुमंगला : उघडतले, बघतले आणि परत शिवून दितले. माका म्हायत आसत हे डॉक्टर.

हर्षा : असं अशुभ नका हो बोलू. भूल तिला सोसेल की नाही याचीच खात्री देत नाहीत ते. निम्मी आशा धरा म्हणाले. सिद्धीला मी हे सांगितलेलंच नाही.

सुमंगला : हर्षा, तुका एक सांगू? रागव नको.

हर्षा : बोला.

सुमंगला : मी तिका तांबडी भाजी घातलंय. तुझ्या पाठसून. तू बंद कर म्हणाली होतंस, पण ती माझ्याकडे बघून असली शिट्टी घाली, माझ्यान रवाक नाय. तो रंग भाजयेचो. रगात नाय तां.

हर्षा : कधी घातलीत?

सुमंगला : रोजच. थोडी थोडी.

हर्षा : परसातली भाजी तर पावसानं कुजून गेली. गणपतीच्या चवथीपर्यंत दुसरी हाताला लागत नाही म्हणून तुम्हीच कुरकुरत होता.

सुमंगला : वत्सलाकडची हाडलंय.

हर्षा : वत्सलाकाकी मुलाकडे वास्कोला आहेत, घराला कुलूप आहे.

सुमंगला : मग बाजारातसून हाडलंय.

हर्षा : बाजार मी करते, आई.

सुमंगला : तू माका फौजदारासारखां कित्याक इचारतंस?

हर्षा : कारण तुम्ही खोटं बोलताय आणि तुम्हाला ते जमत नाही. भाजीचा रंग साबणाला टिकतो का? हे डाग सुकले की काळपट होतात. मागच्या खेपेला एक फडका मी पिशवीत घालून नेला होता, डॉक्टरांनी बघितला. रक्तच आहे म्हणाले. तिच्या जिवावर बेतलंय आणि तुम्हाला ती गाडीत घालायला पण नकोय. इतका जीव आहे ना तुमचा तिच्यावर? मग जगवायची तरी संधी द्या.

गौरेश : हर्षा! गाडी काढलंय गो. खोको तयार आसा मगे? म्हापशाक मागीर पार्किंग गावणा नाय.

हर्षा : झालंच. पाच मिनिटं.

सुमंगला : तू भायरच थांब रे. चाय घे. किटलीत आसा.

गौरेश : चाय दोनदा जाली, आये. तुमची दोघींची सभा संपली की साद घाला.

हर्षा : आई, तो खोका द्या इकडे. नाही, तो नाही, सिद्धीच्या खोलीतला. रात्री त्यातच निजवली होती ना तिला.

सुमंगला : हो घे.

हर्षा : ये गो बोंडू. ये. बघा, हाताला लागत नाही इतकी हलकी झालीय. काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, काटा जेमतेम हलला. काकडीचा तुकडा पण नुसता हुंगून सोडला. सिद्धी पिचकारीतून भरवते ते पातळ खाणं, त्यावरच आहे ती.

सुमंगला : ता दुसरां औषध बंद कर तिचां. तेनीच ती खायत नाय. तू पिचकारी तोंडात घालतंस, तेवा ती माझ्याकडे बघता. मी धरून बसतंय ना तिका. माझ्याकडेच बघता.

हर्षा : मला काय हौस आहे? रक्त थांबलं की करू बंद.

सुमंगला : गो हर्षा…

हर्षा : थांबा, खोक्यातला तुवाल बदलते. हा घाण झाला असेल… नाही. बघा, स्वच्छ आहे की. लघवीचे पिवळे डाग तेवढे. तांबडं काहीच नाही.

सुमंगला : बघ! सांगलंय नाय तुका? बरी झाली ती. आता म्हापशाक जावची गरजच नाय. गौरेशाक सांग, गाडी आत घाल.

हर्षा : एक रात्र नाही आलं म्हणून बरी झाली असं नाही होत. पण… थांबा हं.

सुमंगला : काय थांबू?

हर्षा : आज सकाळी बालदीत फडका होता. मीच साबण लावून भिजवला. चांगला तांबडा होता.

सुमंगला : कालचो आसतलो.

हर्षा : कालचे काल धुऊन दोरीवर घातले. बालदी पालथी घालून ठेवली होती मी.

सुमंगला : मग पिंजऱ्यातलो आसतलो.

हर्षा : पिंजऱ्यात बोंडू नव्हती. रात्रभर सिद्धीजवळ होती, ह्या खोक्यात, ह्या तुवालावर. सिद्धीनं दार लावून घेतलं होतं, मांजर येऊ नये म्हणून.

सुमंगला : माका काय म्हायत. मी म्हातारी, माका काय इचारतंस.

हर्षा : तो फडका तुमच्या जुन्या लुगड्याचा होता. निळ्या काठाचा.

सुमंगला : सगळेच माझ्या लुगड्याचे. तूच फाडून दिलंस पिंजऱ्याक.

हर्षा : हो. आणि उरलेले तुमच्या खाटेखाली ठेवले. आई, घरात बायका तिघी. सिद्धीला अजून सुरू नाही झालं. माझं ह्या महिन्याचं होऊन गेलं. इकडे बघा. माझ्याकडे बघा ना.

सुमंगला : तू पयलां दार लाव. गौरेश ऐकात.

(दाराची कडी लागल्याचा आवाज.)

हर्षा : कधीपासून?

सुमंगला : बोंडूक लाल व्हवक लागलां, तेच्या थोडां आदी.

हर्षा : इतके दिवस!

सुमंगला : मी फडके रातीचे धुवन चुलीमागे सुकत घाली. मागीर एक दिवस बोंडूच्या फडक्यार तांबडां दिसलां, तू घाबरलंस, तिच्यासाठी येगळी बालदी केलंस. माका वाटलां, देवानच वाट काढली. माझे पण थयच टाकूक लागलंय. पिंजऱ्यातले फडके मीच तर बदलतंय. कोण इचारतलां? सगळे म्हणतले, बोंडूचे.

हर्षा : दुखतं? लघवीला जळजळतं?

सुमंगला : काय्येक नाय. नुसतां येता. लघवीतसून येता की खयसून, माका काय कळता? सिद्धी जल्माक येवच्या आदीच माझां सगळां बंद झालेलां. आता ह्या वयात ह्या कसलां?

हर्षा : आणि तुम्ही गप्प बसलात. मला सांगता येत नव्हतं?

सुमंगला : काय सांगू? चवथ इली तोंडार. सासू भायर बसली आणि सून चुलीकडे, वाडो हसतलो.

हर्षा : म्हणून तुळशीकडे दिवा मला लावायला सांगत होता! गुडघे दुखतात म्हणून!

सुमंगला : गुडघे दुखतत, तां खोटां नाय. पण देवाकडे नाय गेलंय मी. असल्या अंगान कशी जाव?

हर्षा : देव राहू दे हो बाजूला! आई, आपण ह्या मुक्या जिवाचं पोट फाडायला निघालो होतो! ती बरी झाली होती. कधीचीच बरी झाली होती. आणि मी तिच्या तोंडात कडू औषध ओतत होते, रोज, दोन-दोन वेळा, तुम्ही धरून बसला होता, आणि तुम्हाला माहीत होतं!

सुमंगला : माका म्हायत होतां.

हर्षा : मग?

सुमंगला : मग काय? रोज मी म्हणी, आज सांगतंय. तू पिचकारी धुवन ठेवी, की माझां तोंड मिटी. माका वाटलां, औषधच तर आसा, मरूची नाय. पण काल तू म्हणालंस, पिशवी काढतले. माझी भयण तारा, तू बघूक नाय तिका. तिका असांच झालां. गोंयच्या मोठ्या हॉस्पिटलात पोट उघडल्यानी, बघल्यानी आणि परत शिवल्यानी. घराक न्हेवा म्हणाले. काजीच्या दिवसात गेली ती. तिच्या पोटाची ती शिवण माझ्या डोळ्यासमोरसून जायत नाय.

हर्षा : आई…

सुमंगला : माका त्याच आजाराचां भय वाटता. म्हणान बोलूक नाय. सांगलां नाय तर नाय, असां वाटी. आणि हर्षा, खरां सांगतंय, माझ्यासाठी मी आज पण सांगलंय नसतंय. ह्या बोंडूसाठी सांगलंय. तिका माझ्या वाटचां मराण नको.

हर्षा : कुणाच्या वाटचं मरण नको. बसा. तुमचे हात थंड पडलेत.

सुमंगला : तू रडतंस?

हर्षा : नाही. मला राग आलाय. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवतो आपण. मी तिचं वजन रोज बघते. तिनं किती खाल्लं, किती मुतली, सगळं डॉक्टरांना फोन करून सांगते. तुमच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं नाही. किती फिक्या पडलाय.

सुमंगला : म्हातारपण तां.

हर्षा : म्हातारपण नाही. थांबा, फोन करू दे… हॅलो, डॉक्टर? मी लाटंबार्शाहून हर्षा, बोंडूची. हो, आजचं ऑपरेशन… नको आता. नाही, नाही, ती जिवंत आहे. डॉक्टर, चूक झाली. ते कपड्यावरचं रक्त तिचं नव्हतं. हो, खात्री आहे. नाही… घरातलंच, ते मी तुम्हाला नंतर सांगते. तिचा तुवाल स्वच्छ आहे. ते दुसरं औषध बंद करू ना? बरं. पातळ खाणं भरवत राहू? आणि पोट फुगलं किंवा लेंड्या थांबल्या तर लगेच आणू. हो. परवा वजनाला आणते. सॉरी हं, डॉक्टर.

सुमंगला : काय म्हणालो?

हर्षा : औषध आजपासून बंद. खायला लागेल म्हणाले, थोडा वेळ लागेल.

सुमंगला : वाचतली मगे?

हर्षा : पोट फाडायचं टळलं, एवढं खरं. आता उठा, लुगडं बदला.

सुमंगला : कित्याक?

हर्षा : गाडी काढलेलीच आहे. म्हापशाला सिद्धीच्या जन्माच्या वेळची डॉक्टरीण आहे ना, तिच्याकडे जायचं. बाईच आहे, लाजू नका.

सुमंगला : आज नको गो. चवथ होऊन जांव दी.

हर्षा : नाही. चवथीनंतर नाही, उद्या नाही. आज.

सुमंगला : ती पण पिशवी काढूया म्हणतली.

हर्षा : म्हणेल कदाचित. मला माहीत नाही, आई. साधं काहीतरी असेल. नसेलही. मी तुम्हाला खोटा धीर देत नाही, मला पण भीती वाटतेय. पण कशाची भीती ते तरी कळू दे.

सुमंगला : तपासताना तू आत येतलंस?

हर्षा : त्यांनी बाहेर काढलं तरी आत येईन.

सुमंगला : आणि गौरेशाक काय सांगतलंस?

हर्षा : खरं ते सांगेन. मुलगा आहे तो तुमचा.

सुमंगला : माका लज दिसता.

हर्षा : मग वाटेत मी सांगते, तुम्ही खिडकीबाहेर बघत बसा. चला. बोंडूला पिंजऱ्यात ठेवते, गवत घालते, पाणी भरते. शेजारच्या स्नेहाला सांगून जाऊ, मधेच भरवून जाईल.

गौरेश : हर्षा! अगो, दार कित्याक लावलंस? कोणाक काय झालां?

हर्षा : आलो, आलो. पुढची सीट मागं कर जरा, पाय लांब करता आले पाहिजेत.

गौरेश : कोणाचे पाय? आये, तू खय चललंस ह्या नव्या लुगड्यान? आणि बोंडू खय?

सुमंगला : ती बरी आसा. तू गाडी सावकाश चलय.