नाव कुणाचं घातलंय?

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ठाण्याच्या कोर्टात आमचा संसार वाटायला घेतला, आणि तुम्हाला सांगते, सुरुवात कशानं व्हावी? कढईनं! घटस्फोटाचं काही नाही हो, रडून झालंय, आत सगळं बधिर... पण कढई? यांचे वकील (अजून 'यांचे'च म्हणते बघा, सवय!) कढई उलटी करून दाखवतायत, "वाचा साहेब, योगेंद्र!"

नाव कुणाचं? यांचं!

आता ही करणी माझ्या आईची. आई गोडदेव गावची, बोलणंही तिकडचंच. लग्नात भांडी घेतली तेव्हा नावं घालणाऱ्याला म्हणाली, "पोरीचा नाव कशाला? जावयाचा घाल, त्याचा मान हाय!" झालं! टर्रर्र... हंडा, परात, डबे, चमचासुद्धा सोडला नाही! शांती नगरचा ब्लॉक यांच्या नावावर, गेला. टीव्हीची पावती यांची, गेला. पण शिलाई मशीन? बाबांनी दिलेलं हो! त्याच्यावर ब्लाउज शिवूनच माझ्या लेकीला, चांदणीला दूध पाजायचंय उद्यापासून! म्हटलं, "साहेब, मशीन माझं."

साहेब बिचारे चांगले. चष्मा काढून म्हणाले, "बाई, लग्नात मुलीला दिलेलं मुलीचंच असतं. पण तुम्हालाच दिलं याला पुरावा? पावती?"

पावती कुठली? बाबाही राहिले नाहीत.

"मग त्यावर नाव कुणाचं?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आई उठली, पदर सावरून, ताठ मानेनं, "जावयाचाच हाय साहेब! मीच घातलाय, चाकाव!"

अहो, भर कोर्टात साक्ष दिली! मान राखला जावयाचा!

मशीन यांना. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही त्यांना! मला काय, तर बारशाची वाटी. तिच्यावर 'चांदणी' होतं म्हणून.

माझं नाव कुठंच नव्हतं म्हणता? होतं की! लग्नात यांनी अंगठीनं ताटातल्या तांदळात लिहिलं होतं, 'निशिगंधा'... दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच तांदळाचा भात लावला. सगळे जेवले. मीपण जेवले. वर परत वाढूनही घेतला!

तेव्हा बायांनो, कुणाकडे लग्न निघालं तर एवढा निरोप द्या, भांड्यांवर मुलीचंच नाव घाला म्हणावं. आणि हो... कुणाला ब्लाउज शिवायचे असले तर तेही सांगा. हातशिलाई करते म्हणावं.