निम्म्या बांगड्या सुनेच्या

कम्युनिटी कॉलेजच्या स्टॉपवर एक सासू-सून बनशंकरीच्या बसमध्ये चढल्या आणि माझ्या पुढच्या सीटवर बसल्या. सासूच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या होत्या, सुनेचे हात रिकामे होते.

“पास म्हणाले ना, भव्या?”

“सगळ्यांसमोर म्हणाले, आत्याबाई. पहिली आले मी.”

“करायला काय लावलं?”

“बिघडलेला टीव्ही दिला. पडद्यावर नुसती एक आडवी रेघ. आतलं एक सोल्डरिंग सुटलं होतं, ते जोडलं. चित्र आलं तसे सर खुर्चीवरून उठलेच.”

“शॉक नाही ना बसला?”

“नाही. म्हणूनच तर बांगड्या घालून टीव्ही उघडू देत नाहीत.”

“सवाष्णीनं बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या, हे मला अजून पटत नाही.”

“म्हणून रोज तुम्ही घालून बसता?”

“कुणाच्या तरी हातात असाव्यात. आज गेटवरच्या चहावाल्यानं विचारलं, अक्का, स्वल्प जास्त नाही झाल्या? म्हटलं, निम्म्या सुनेच्या आहेत, ती आत परीक्षा देतेय.”

“द्या आता माझ्या.”

“थांब.”

“परीक्षा झाली, आत्याबाई.”

“आपल्या टीव्हीत रविवारच्या सिनेमातली माणसं अजून वरून खाली पळतायत ना?”

“तुम्हीच म्हणालात, मामंजींनी हौसेनं घेतलेला टीव्ही आहे, शिकाऊ हात लागायला नको.”

“तेव्हा शिकाऊ होतीस. घरी चल, आधी तो उघड. बांगड्या मग घाल.”