तिची बाटली ओळखा

नाही, पण मी म्हणतो, थुंकायचंच असेल तर तोंडात घ्यायचं कशाला? चांगली सातासमुद्रापलीकडून आलेली वाइन, ती ग्लासात गोल गोल फिरवायची, त्यात नाक खुपसायचं, घोट घ्यायचा, गालांत खळखळवायचा आणि मग शेजारच्या स्टीलच्या भांड्यात... तेही कुणाच्या घरी, तर दातांच्या डॉक्टरांच्या! तुम्हाला सांगतो, आपण जेवणाच्या टेबलाशी बसलोय की त्यांच्या त्या खुर्चीत, तेच मला कळेना. आता 'चूळ भरा' म्हणतील आणि दाढ काढतील असं सारखं वाटत होतं. पण बोललो नाही. मला काय कळतंय त्यातलं!

माझं चष्म्याचं दुकान. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, काचा बसवायच्या. वाइनचं सगळं बायकोचं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि तिचं म्हणणं असं, की नकाशात देश नुसता दिसतो, कळतो तो चवीला. आता हे काही मुलांना सांगायची सोय नव्हती, म्हणून मला सांगायची. पिनो न्वार म्हणून एक काळं द्राक्ष असतं, साल पातळ, स्वभाव नाजूक, ऊन जास्त झालं की रुसतं, थंडी जास्त झाली की रुसतं... मी म्हणायचो, म्हणजे तुझ्या माहेरचंच की. तर हे एकच द्राक्ष फ्रान्सच्या बर्गंडीत लावलं की त्याच्या वाइनला ओल्या पानांचा वास येतो, न्यूझीलंडमध्ये लावलं की चेरीचा, आणखी कुठे लावलं की आणखी कसला. ती सांगत राहायची, आणि मी हो हो करत काचा पुसत राहायचो.

दर वर्षी त्यांची टाळकी जमायची. दातांचे डॉक्टर, एक निवृत्त न्यायाधीश, पियानो शिकवणाऱ्या बाई आणि आमची ही. पाच देशांच्या पाच पिनो न्वार, आणि कुठली बाटली कुठली ते कुणाला कळू द्यायचं नाही. त्यासाठी बाटल्या झाकायच्या कशात, तर मोज्यांत! पायातल्या, लोकरीच्या. 'धुतलेल्या,' असं ही आवर्जून सांगायची. गुडघ्यापर्यंतचा मोजा बाटलीला गळ्यापर्यंत चढवायचा आणि वर नंबर बांधायचा. हे काम माझं. मोजे चढवणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून त्याने चव घ्यायची नाही असा नियम होता, आणि तो नियम मला फार मानवायचा. मोजे चढवले की मी स्वयंपाकघरात ग्लास विसळायला मोकळा, आणि बाहेरून हिचा आवाज... 'देशाचं नाव शेवटी. आधी वास कसला येतोय ते बोला.' थेट वर्गातला आवाज. न्यायाधीशसुद्धा मुकाट वास घ्यायचे.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं.

जायच्या आधी तिने एक बाटली आणून ठेवली होती. माझ्या दुकानात, मागच्या कपाटात, चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांमागे. 'यंदा या शहाण्यांना फसवते बघ,' म्हणाली होती. यंदा आलं, ती नव्हती. आणि मी ते कपाट उघडणंच सोडलं. गिऱ्हाइकाला डबा लागला तर शोकेसमधला काढून द्यायचो. शोकेस ओकीबोकी दिसायला लागली तरी कपाटाला हात लावला नाही.

मग डॉक्टरांचा फोन आला. त्या बाटलीचं मी त्यांच्याजवळ कधीतरी बोलून गेलो होतो. हळू आवाजात, सुई टोचायच्या आधी बोलतात ना, तसा. म्हणाले, 'तिची बाटली आपल्या चार बाटल्यांत मिसळू. सगळे मिळून तिची कुठली ते ओळखू. तुम्ही तिच्या खुर्चीत बसायचं.'

म्हटलं, अहो, मी? मला काय कळतंय त्यातलं?

'इतकी वर्षं ऐकलंत ना,' म्हणाले.

आता तसं साधंच वाक्य. पण असं रुतून बसलं म्हणता! कारण खरंच, ऐकलं होतं का मी? की नुसतं हो हो केलं होतं? काचा पुसताना तेच, नंबर काढताना तेच, जेवताना तेच. तिची बाटली ओळखता आली तर ऐकलं होतं म्हणायचं. आणि नाही आली तर... तर इतकी वर्षं ती बिचारी बोलत कुणाशी होती?

मोजे चढवायला या खेपेला मेहुणी. हिची धाकटी बहीण. दुकानातल्या कपाटातून बाटली काढायलाही मी तिलाच लावलं होतं. बाटलीची पिशवी तिच्या हातात दिली, ती घेऊन ती आत गेली आणि बराच वेळ आतच. नळ सोडल्याचा आवाज येत होता. मग ट्रेमध्ये पाच मोजे उभे करून बाहेर आली. चेहरा कोरा. मी हिच्या खुर्चीत. समोर पाच ग्लास. आणि ते भांडं.

सुरुवात न्यायाधीशांनी केली. पहिला ग्लास उजेडाकडे धरला, मग नाकाकडे, मग निकाल. 'थंड हवेची. डोंगरउतारावरची. संयमी आहे, पुराव्याशिवाय एक शब्द बोलत नाही.' पाचवा चाखून म्हणाले, 'ही मात्र भर उन्हातली. भलतीच तोंडाळ.' पियानोच्या बाई डोळे मिटून टेबलावर बोटं फिरवत होत्या. म्हणाल्या, तीन नंबरचा शेवटचा सूर बघा किती रेंगाळतो. सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून मीही डोलावली. मला कसला सूर? माझ्या कानात त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ.

आणि मग तिला ओळखायची वेळ आली. न्यायाधीश म्हणाले, 'एक नंबर. तिच्यासारखीच, मोजकं बोलणारी.' मोजकं! आमची ही! हे गृहस्थ एवढी वर्षं कुणाच्या शेजारी बसत होते? बाई म्हणाल्या, तीन, आणि रुमाल काढला. डॉक्टर म्हणाले, 'चार. आधी जरा झोंबते, मग हसवते. चारच.' आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तो चष्मा मीच करून दिलेला, त्यामुळे मला माहितीये, त्याच्याशिवाय त्यांना समोरचा ग्लाससुद्धा दिसत नाही.

आता मी. पाचही ग्लास पुन्हा घेतले. थुंकलो नाही, कारण तिचीच असली तर? ती कशी थुंकायची? एकात चेरी होती, निदान चेरी असावी. दोनात खोकल्याचं औषध. तीनमध्ये ओली पानं असतील किंवा माझा स्वेटर असेल. चारात काहीतरी झोंबणारं. पाचात पुन्हा एकातलंच. परत एकपासून सुरू केलं. मनात म्हटलं, अगं, बोल की काहीतरी, एरवी तर थांबायची नाहीस. पण नव्हती हो. कुठल्याच ग्लासात नव्हती.

तुम्हाला सांगतो, दुकानात मी काच बदलून विचारतो, आधीचं स्पष्ट की आत्ताचं? आणि निम्म्या लोकांना फरक कळत नाही, पण बोलायची लाज. परीक्षेला बसल्यासारखे घाम पुसतात आणि ठोकून देतात, 'आत्ताचं!' मग नंबर चुकतो, डोकं दुखतं, चष्मा परत. म्हणून मी आधीच बजावतो. सारखं दिसलं तर सारखं म्हणा. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. इथे कुणी नापास होत नाही.

आणि इथे सगळे माझ्याकडे बघतायत. बाईंच्या हातात रुमाल, डॉक्टर चष्म्याविना, मेहुणी दाराशी उभी. नवरा मी! नवऱ्याने काय सांगायचं, की मला ती सापडत नाही?

म्हटलं, 'चार.'

डॉक्टरांनी माझा हात घट्ट दाबला.

मेहुणीने मोजे उतरवायला घेतले. एक, न्यूझीलंड. दोन, चिली. तीन, जर्मनी. चार, अमेरिकेतलं ओरेगन. आणि पाच... परत न्यूझीलंड. तीच बाटली, तेच लेबल. न्यायाधीशांनी एक आणि पाच शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, त्यांचे डोंगरउतार आणि भर उन्हं एकाच मळ्यात निघाली होती. डॉक्टर म्हणाले, 'मग तिची?'

'आत ओट्यावर आहे,' मेहुणी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. 'भाऊजी, मोजा चढवला, पण मला नाही उघडवली. डॉक्टर, तिच्या जागी तुमच्या इथल्या कपाटातली दुसरी न्यूझीलंड घातली. ताईने आणलेली शेवटची वस्तू, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून थुंकणार होतो.'

पियानोच्या बाईंनी तिला जवळ घेतलं. डॉक्टर उठले, ते भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

बाटली मी मोज्यासकट परत आणली. मोजा हिचाच, टाचेला हिनेच रफू केलेला. न्यायाधीशांनी निघताना सांगितलं, फार ठेवू नका, पिनो वाट बघत नाही. बघत नसेल. मला काय कळतंय त्यातलं!

आणि तेव्हा, रस्त्यात, बाटली काखेत धरून चालताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, मला पाचही ग्लासांत ती सापडली नव्हती. आणि ती नव्हतीच की! म्हणजे ऐकलं होतं मी! अख्ख्या टेबलावर एकट्या मला बरोबर आलं होतं, आणि बोललो काय, तर चार! आता हे सांगू कुणाला? डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतील, मागाहून शहाणपण सुचलं. आणि जिला सांगायचं, जी हसून हसून खुर्चीतून पडली असती...

सकाळी दुकान उघडलं. बाटली कपाटात ठेवली, डब्यांमागे. निदान कपाट तरी उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक, एक वयस्क गृहस्थ, खुर्चीत बसवले, एका डोळ्यावर झाकण धरायला दिलं, सवयीने बजावलं, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, इथे कुणी नापास होत नाही. समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघून ते घाईघाईने म्हणाले, 'चौथ्या ओळीपर्यंत स्वच्छ दिसतंय.'

तक्त्यामागचा दिवा मी अजून लावलाच नव्हता.

काय बोलणार? म्हटलं, 'छान.' आणि त्यांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, हळूच, दिवा लावला.