चिमीला ठेवून जा

बाई : ते सगळं खरं जमुना, पण मारलंस कशाला? पोरीच्या गालावर बोटं उमटलीत.

जमुना : काय करू बाई? हिचा बा बोयसरच्या बाजारातनं ऐकून आला, तारापूरला दगडापासनं वीज काढनार म्हनून. झालं! आये, दगडात वीज कुठं असते? आये, आपल्या डोंगरातल्या दगडात हाय का? मी भात झोडते, हा तान्हा मंगळ्या रडतो. मला काय ठावं? उठला हात.

बाई : मलाही विचारलं तिने. मी म्हटलं, मला माहीत नाही, वाचून सांगते.

जमुना : तुमी मास्तरीन. तुमी एकदा नाय ठावं म्हनलं तर चालतं. आमी काय रोजच म्हनायचं?

बाई : रोज म्हण. माझी आई इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरची. बोंबील वाळत घालायची आणि मी शेजारी बसून धडा वाचायचे. तिला अक्षर येत नव्हतं. नुसती 'हं, पुढं?' म्हणायची. तेवढ्यावर शिकले मी. तूही म्हण, मला ठाऊक नाही, तू शोध आणि मला सांग.

जमुना : मला ठावं नाय, तू सांग... हे जमंल मला.

बाई : मग आता दुसरं ऐक. उद्या मिठागरावर निघालात ना? चिमीला माझ्याकडे ठेवून जा.

जमुना : ते नाय जमायचं.

बाई : अगं, दिवाळी झाली की ही पोर जाते, पावसाच्या तोंडावर येते, आणि बघता बघता वर्गाच्या पुढे निघून जाते. अशी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. यंदा तिची चौथी. शिष्यवृत्तीची परीक्षा तुम्ही तिकडे असतानाच येणार. पास झाली तर पालघरच्या शाळेत घालू, राहायचीही सोय होईल. तुझ्या नवऱ्याशी, चिंधूशी बोलले मी. तो हो म्हणाला.

जमुना : त्याला हो म्हनाया काय जातं? जिव्याला पान्यातनं मी काढला.

बाई : जिव्या कोण?

जमुना : मंगळ्याच्या आधीचा. तुमी तवा इथं आल्या नव्हत्या. चिमीला आजीपाशी ठेवली होती, शाळेसाठीच. आमी दोघं मीठ ओढत होतो. जिव्याला बांधावर बसवला, घोंगडीच्या सावलीत. वळून बघते तर नुसती घोंगडी. खाडीचं पानी आत घ्यायचा चर असतो ना, त्यात. गुडघाभर पानी, बाई. गुडघाभर.

बाई : ...मला कुणी सांगितलं नाही.

जमुना : तवापासनं चिमी संगं येते. भावाला सांभाळते.

बाई : मंगळ्यालाही ठेव माझ्याकडे.

जमुना : अंगावर पितो अजून.

बाई : मग तूच राहा. चिंधू जाईल एकटा.

जमुना : मुकादम जोडीच घेतो. एकट्या गड्याला कोन उभा करतो? आनि म्हातारी गेली, घरात दुसरं कोन हाय? तुमीच सांगा बाई. कुठलं पोर कुठं ठेवू?

(बाई दाराकडे बघतात.)

बाई : चिमी, ये बाहेर. दाराआडून सगळं ऐकलंस ना? तुला काय वाटतं?

चिमी : मला परीक्षा द्यायची हाय.

जमुना : बगा.

चिमी : पन मी जाते आयेसंगं.

बाई : बरं. पुस्तकं बांधून देते तुला. आई भाकरी भाजायला बसली की तिच्याशेजारी मोठ्याने वाचायचं. जमुना, ऐकशील ना?

जमुना : ऐकीन. हं म्हनीन. आनि बाई, यंदाचंच हाय हे. पुढल्या साली मंगळ्या चालाया लागंल, अंगावरचा सुटंल. मंग ठेवीन हिला तुमच्यापाशी. देवाशपथ ठेवीन.

चिमी : आये, चालाया लागला की मंगच तो पान्याकडं जाईल. जिव्या चालत होता म्हनून तर गेला.

बाई : चिमी...

जमुना : उठला बग मंगळ्या. जा, घे त्याला.