अर्जदार उभयचर असल्याबाबत

विषय: जावयाने जर्मनीहून आणलेल्या फायर सॅलॅमँडरला आमच्या मयूर विहारच्या नव्या सोसायटीत ठेवण्याबाबत.

मे महिना चालू होता. प्राण्याला गारवा हवा आणि आमच्याकडे कूलर नाही, हीच पंचाईत. त्याचं काळं अंग आणि पिवळे ठिपके लांबूनच पाहून सेक्रेटरी गुप्ताजी म्हणाले, "छिपकली है. परमिशन नहीं लगती."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कारकुनी अंगात मुरलेली. म्हटलं, "छिपकली नहीं, उभयचर है. बचपन पानी में, बाकी उमर ज़मीन पर."

"तो अर्ज़ी दीजिए. साथ में पानीवाले पते का सबूत."

मंजुरीपर्यंत प्राणी सोसायटीच्या ऑफिसात जमा झाला. काचपेटी कूलरसमोर आहे. गुप्ताजींना पालीचीही भीती वाटते, म्हणून त्यांची खुर्ची बाहेर उन्हात.

मलाही घाई नाही. अर्ज प्रलंबित आहे.