शिकार संपली आणि मला कळलंच नाही

...आणि वर मलाच विचारतात, एव्हर्ट, तू तिथून हललास का नाहीस? अहो, हलू नको असं सांगितलं होतं ना! व्हेर्मलांडच्या जंगलात, गुडघाभर बर्फात मला उभं करायचं आणि वर... जाऊ दे. नियम म्हणजे नियम.

आमच्या टोळीचा म्होरक्या लेनार्ट. त्यानंच सकाळी बजावलं, "या झाडाखालून हलायचं नाही, रस्त्याच्या दिशेनं गोळी झाडायची नाही, आणि दर तासाला त्या नंबरावर फोन करायचा." कसला नंबर? अहो, लांडगे किती मारायचे ते सरकार ठरवतं, तेवढे पडले की शिकार बंद, आणि बंद झाली का ते फोनवर एक बाई सांगते. रेकॉर्ड केलेली. आमची बायको, माय्केन, वारल्यापासून माझ्याशी इतकं नेमानं दुसरं कुणी बोललेलं नाही, तो भाग वेगळा.

तर आदल्या दिवशी आम्ही लांडग्यांभोवती दोरी फिरवलेली, दोरीला लाल चिंध्या. लांडगा चिंध्या ओलांडत नाही म्हणे, भितो. माझ्या मेंढ्या फाडताना नाही भ्यायला, चिंधीला भितो! मी आपला उभा. आधी लांबून हाकाऱ्यांचा आवाज यायचा, मग दोन बार ऐकू आले, मग काहीच नाही. पाय बधिर, नाक बधिर. हललो? छे. नियम म्हणजे नियम.

आणि तुम्हाला सांगतो, आला. चिंध्यांच्या आत, इथून त्या दारापर्यंत असेल. एकटाच, जरा रोडावलेला, माझ्याकडे बघत. बंदूक उचलली, आणि आठवलं, या तासाचा फोन राहिलाय! दातांनी हातमोजा ओढला, नंबर लावला, लांडगा आपला उभाच. बाई म्हणाल्या, "या भागातली शिकार संपली आहे." म्हणजे आता बार काढला तर परवाना जाणार, बंदूक जाणार, वर खटला. लेनार्टला लावला. मागे कपांचा खणखणाट, हसणं...

"एव्हर्ट? अरे, तू अजून तिथेच? आम्हाला वाटलं, तू केव्हाच घरी गेलास. दोरी उद्या काढू म्हटलं."

म्हणजे मोजलंच नव्हतं हो मला.

आता आत तो, बाहेर मी. त्याचे सोबती मघाच्या दोन बारांत पडले, माझे कॉफी प्यायला गेले. मेंढ्या आठवल्या, राग आला, नाही असं नाही. पण शिकार संपली की दोरी काढायची, हाही नियमच, आणि काढणार कोण? गुंडाळत बसलो एकटाच. वाट मोकळी झाली तसा तो आला, माझ्यासमोरून गेला, घाई नाही की गडबड नाही. "जा बाबा," म्हटलं. नियम म्हणजे नियम.

घरी पोचतो तोच लेनार्टचा फोन. आवाज ओशाळलेला. "काही दिसलं होतं का रे?" नाही म्हणून ठेवणार होतो. पण तोंडातून निघून गेलं, "दिसला." आणि काय सांगू, जरा वेळानं अख्खी टोळी माझ्या स्वयंपाकघरात! दालचिनीचे बन घेऊन आले, केवढा होता, शेपूट कशी होती, तेच तेच चारदा विचारलं, अंधार पडला तरी उठेनात...

आता घरात चार माणसं यायची तर लांडगा दिसावा लागतो. चालायचंच.