खड्ड्यातला खुंट

(नवा लातूर जिल्हा. पाझर तलावाचं दुष्काळी काम, दुपारची सुट्टी. बायकांच्या टोळीची मुकादम चांगुणा आणि मोजणी कारकून सिद्धलिंग खड्ड्यात उभे.)

चांगुणा : ह्यो खुंट तुमीच छाटला.

सिद्धलिंग : मी? खणताना मधी मातीचा खुंट राखायचा, त्याच्या उंचीवरून खोली धरायची, हे मीच शिकवलं तुम्हाला.

चांगुणा : दोन फूट भरला म्हणता. आमी तीन खणलं. पाठ सांगती माझी.

सिद्धलिंग : पाठ वहीत लिहिता येत न्हाई. काम कमी भरलं की अख्ख्या टोळीची नावं कापा, असा नव्या साहेबांचा हुकूम हाय.

चांगुणा : धा जणींच्या चुली इझवता अन् हुकूम दावता? आमच्या जागी कुणाचं गणगोत घालायचंय?

सिद्धलिंग : तोंड आवरा, बाई. बांधावर टोपल्या किती टाकल्या?

चांगुणा : बाराशे. ईस झाल्या की दोरीला गाठ. साठ गाठी हायत, मोजा.

सिद्धलिंग : दोरी तुमची, गाठी तुमच्या. थांबा, बांधावरच्या टोपल्यांची माझी वही बघतो... बाराशेच.

चांगुणा : मंग?

सिद्धलिंग : दोन टोपल्यांचा एक घनफूट. सहाशे झाले. रोज आपण लांबी, रुंदी, खोली गुणून माती काढतो. आज उलटं करू. माती ठाऊक हाय, खोली न्हाई. लांबी वीस, रुंदी दहा, दोनशे. सहाशेला दोनशेनं भागलं तर...

चांगुणा : किती?

सिद्धलिंग : तीन.

चांगुणा : बोलले न्हाई मी? आता कबूल व्हा!

सिद्धलिंग : फूटभर खुंट मी खाल्ला का? हे बघा, वरून खुरप्यानं उकरलंय. मुळं तुटलीत.

चांगुणा : कशाची?

सिद्धलिंग : हरळीची. कुणी उपटली असंल?

चांगुणा : परवा... शेळी लई वरडत हुती. साऱ्या तलावात तेवढंच हिरवं हुतं, खुंटाच्या डोक्यावर. मुळं खोल हुती, फूटभर माती उकरून मुळासगट काढून नेलं. ध्यानातच आलं न्हाई बगा. अन् तुमच्यावर आळ घेतला. लाज वाटाय लागली मला.

सिद्धलिंग : तीन लिहितो. पण तपासणीला खुंट दोनच फूट दिसंल. साहेब मलाच खोटा म्हणतील.

चांगुणा : मी उभी ऱ्हाते खुंटापशी. झालं ते सांगते.

सिद्धलिंग : न्हाई पटलं त्यांना तर?

चांगुणा : तर माझं एकटीचं नाव कापा म्हणावं. बाकी नऊ जणींनी तीन फूट खणलंय.